एपिक्टेटस, माझा दादा आणि मशीनवरचे चार तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी स्टोइक तत्त्वज्ञानावर लेख आला होता. संकटात डगमगू नका, मन दगडासारखं करा, असा त्याचा एकंदर सूर. गेल्या रविवारी त्यावर तीन पत्रं आली. दोघांनी लिहिलं की हे तत्त्वज्ञान माणसाला कोरडं करतं. तिसऱ्यांचं म्हणणं असं की, आपल्याकडे गीता असताना ग्रीक-रोमन लोकांचं कौतुक कशाला. मी कऱ्हाडला राहते, आमची पिठाची गिरणी आहे, वय ५६. सहा वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, दर वेळी चार तास, मी डायलिसिसच्या मशीनवर असते. हे स्टोइक लोक मी त्या चार तासांत वाचले. लेख वाचून वाईट वाटलं, पत्रं वाचून त्याहून जास्त वाटलं, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं आहे. जागेसाठी कापावं लागलं तर जरूर कापा, पण माझ्या भावाचा मजकूर तेवढा राहू द्या.

आधी एक दुरुस्ती. लेखात स्टोइक विचारवंत एपिक्टेटसला रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याचा गुरू म्हटलं आहे. तसं नाही. एपिक्टेटस साधारण इ. स. १३५ च्या सुमारास वारला, तेव्हा इ. स. १२१ मध्ये जन्मलेला मार्कस पोरसवदाच होता, आणि दोघं भेटल्याची कुठे नोंद नाही. रस्टिकस नावाच्या एका शिक्षकाने एपिक्टेटसच्या शिकवणीची आपल्याजवळची प्रत मार्कसला दिली. मार्कसने पुढे आपल्या टिपणांत त्याबद्दल त्याचे आभार मानून ठेवले आहेत. चूक लहान वाटेल, पण माझ्यासारखीला ती मोठी वाटते. एक जन्माने गुलाम आणि पायाने लंगडा, दुसरा रोमन साम्राज्याचा धनी. त्या गुलामाचं बोलणं कुणाच्या तरी वहीतून हातोहात सम्राटापर्यंत पोचलं, आणि माझ्यापर्यंतही ते असंच पोचलं आहे.

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं, कारण त्याचे तास सकाळी लवकर संपायचे आणि नंतर शिवणाच्या क्लासला जाता यायचं. प्लेटो आणि ॲरिस्टॉटलवर मोठे प्रश्न यायचे, स्टोइक शेवटच्या 'टिपा लिहा'मध्ये. झेनो नावाचा माणूस अथेन्समध्ये चित्रांनी रंगवलेल्या एका ओसरीत शिकवायचा, ओसरीला ग्रीक भाषेत स्टोआ म्हणतात, म्हणून हे स्टोइक. एवढं लिहिलं की गुण मिळायचे. पुढे लग्न झालं, गिरणी आली, ते सगळं मागे पडलं.

डायलिसिस ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला करतात. माझा डाव्या हाताला आहे, मनगटाच्या थोडा वर. त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. रोज सकाळी डोळे उघडल्यावर, देवाचं नाव घ्यायच्याही आधी, ती थरथर लागते ना ते मी बघते. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर बीपी घेऊ द्यायचा नाही, घट्ट बांगडी घालायची नाही. जन्मभर दोन्ही हातांनी दळणाचे डबे उचलणारी बाई मी. पहिले सहा महिने गिऱ्हाईक डबा घेऊन दारात आलं की माझा डावा हात आपोआप पुढे व्हायचा आणि सून ओरडायची.

मशीनवर घेतलं की त्या हातात दोन सुया. एकीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून गाळून परत येतं. हात हलवायचा नाही. उजवा हात मोकळा, त्यात मोबाइल. सुरुवातीला गाणी ऐकली, मालिका पाहिल्या. एक दिवस कशावरून तरी कॉलेजमधलं ते स्टोइक नाव आठवलं आणि शोधलं, तर एपिक्टेटसचं जॉर्ज लाँग यांनी केलेलं १८७७ सालचं इंग्रजी भाषांतर फुकट मिळालं. जुनं इंग्रजी. एक पान उलगडायला अर्धा तास लागायचा, पण मशीनवर वेळच वेळ असतो. घरी आल्यावर समजलं तेवढं वहीत मराठीत उतरवायचं. या पत्रात जे काही त्यांचं म्हणून सांगते आहे ते त्या वहीतलं आहे, भाषा माझी.

एपिक्टेटसने स्वतः काही लिहिलं नाही. सम्राट डोमिशियनने तत्त्ववेत्त्यांना हाकलून दिलं तेव्हा तो रोम सोडून ग्रीसमध्ये निकोपोलिसला गेला आणि तिथे शाळा चालवली. एरियन नावाचा विद्यार्थी त्याचं बोलणं उतरवून घ्यायचा. त्यातूनच पुढे एक छोटी पुस्तिका निघाली. तिची सुरुवातच अशी: काही गोष्टी आपल्या हातात आहेत, काही नाहीत. आपलं मत, आपली इच्छा, कशाकडे धावायचं आणि कशापासून लांब राहायचं हे आपल्या हातात. शरीर, पैसा, लौकिक, अधिकार हे नाही. वाचून मला राग आला. शरीर आपल्या हातात नाही हे मला कुणी सांगायला हवं होतं का? मोबाइल पालथा ठेवला आणि उरलेला वेळ छताच्या पंख्याकडे बघत काढला.

ते वाक्य मला कळलं पाण्यामुळे. किडनी बंद पडली की लघवी जवळजवळ थांबते. जे प्याल ते अंगात साठतं आणि मशीनवरच निघतं. सेंटरमध्ये शिरल्यावर आधी वजन, मग टेक्निशियनचा प्रश्न, "आज किती काढायचं?" किती म्हणजे किती लिटर पाणी. मला दिवसाला एक लिटरची मुभा आहे आणि त्यात चहा, आमटी, गोळ्या घेताना लागणारा घोट, सगळं आलं. लोणचं-पापड बंद, कारण मीठ पोटात गेलं की तहान दुप्पट. शहाळं बंद, केळं बंद. भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजत घालायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यातलं पोटॅशियम कमी होतं.

२०२२ च्या मे महिन्यात पाटणला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, रविवारी. मांडवात ऊन तापलेलं, पंगतीत मठ्ठ्याचे ग्लास फिरत होते. एक घेतला. मग दुसरा. मग कुणीतरी आग्रहाने पन्हं दिलं, तेही घेतलं. सगळ्यांत बसून सगळ्यांसारखं पिताना जे वाटलं ते सांगता येत नाही, तीन वर्षांत तहान अशी भागली नव्हती. शनिवारची पाळी होऊन गेलेली आणि पुढची थेट मंगळवारी, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यांत लांबचं अंतर. सोमवारी रात्री दीड वाजता मला श्वास येईना. आडवं झालं की पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. पलंगावर उठून बसले, भिंतीला पाठ लावली, आमच्या ह्यांनी पाठीमागे उशा रचल्या, खिडक्या उघडल्या. गाडी येईपर्यंतची ती पाऊण तासाची बैठक. रात्रीच मशीनवर घेतलं तेव्हा वजन साडेचार किलो वाढलेलं होतं.

सेनेका नावाच्या रोमन स्टोइकाला दम्याचा विकार होता. आपल्या मित्राला, ल्युसिलियसला, लिहिलेल्या एका पत्रात तो सांगतो की बाकीच्या दुखण्यांत माणूस आजारी असतो, या दुखण्यात तो जीव सोडत असतो. वैद्य याला मरणाची तालीम म्हणतात, असंही लिहितो. श्वास कोंडलेला असतानाही मी मनात धीराचे विचार सोडले नाहीत, हे तो पुढे लिहितो. ते पत्र मी त्याच आठवड्यात वाचलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा, राजदरबारातला, गडगंज श्रीमंत माणूस. पण भिंतीला टेकून श्वास मोजत बसणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. मला आजवर धीर देणाऱ्या कित्येकांना ते माहीत नव्हतं.

त्या रात्रीनंतर मला पहिलं वाक्य नीट वाचता आलं. किडन्यांचं मी काही करू शकत नव्हते, दुसऱ्या ग्लासचं करू शकत होते. रोज सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवते. चहा प्याले की तेवढं पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालते. रात्री गिरणीचा हिशेब लिहिते, त्याच वहीच्या मागच्या पानावर वजन आणि दिवसाचा झाडा. हेही सेनेकाकडून घेतलं. रात्री दिवा मालवला, बायको बोलायची थांबली (तिला त्याची सवय ठाऊक होती) की तो दिवसभरात आपण काय बोललो, काय केलं ते तपासायचा आणि स्वतःला सांगायचा, पुन्हा असं करू नकोस, या खेपेला माफ केलं. मला यातलं माफ करणं सगळ्यांत अवघड जातं. मशीनवरून आलं की अंग पिळून काढल्यासारखं होतं, पायात गोळे येतात आणि सगळा राग सुनेवर निघतो. मागच्या पानावर पाण्याच्या चुका कमी आणि तिला बोललेले शब्द जास्त आहेत.

गीतेचं म्हणणाऱ्या पत्रलेखकांना मला एवढंच सांगायचं आहे की घरात येणाऱ्या पाहुण्याला आपण जात विचारू नये. झेनो हा सायप्रस बेटावरचा व्यापारी. जांभळ्या रंगाचा महागडा माल भरलेलं त्याचं जहाज फुटलं आणि तो अथेन्सला आला. एका पुस्तकवाल्याच्या दुकानात सॉक्रेटिसबद्दल वाचलं आणि त्याचं आयुष्य बदललं. पुढे तो म्हणायचा, जहाज फुटलं तो प्रवासच माझा सगळ्यांत लाभाचा झाला. हे मी वाचलं तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥'. तुकोबांचंही दुकान होतं, तेही बुडालं, आणि दुष्काळात त्यांच्या घरातली माणसं गेली. तुकोबांना विठ्ठल होता. झेनोकडे विठ्ठल नव्हता, सृष्टी चालवणारी एक बुद्धी आहे असं तो मानायचा. मी वारकरी घरातली, मला विठ्ठलच जवळचा. पण दिवाळं निघालेल्या दोन वाण्यांनी, एकमेकांचं नावही न ऐकता, एकच गोष्ट बोलावी, याचा मला फार आधार वाटतो.

आता कोरडेपणाबद्दल. माझं नाव मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षायादीत आहे. घरच्यांपैकी कुणाची जुळली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रात्री पावणेबाराला फोन आला. एक दाता आहे, तुमच्यासह तिघांना बोलावलं आहे, रक्ताची जुळणी होईल त्यावर ठरेल, काही खाऊ-पिऊ नका, निघा. दादा उंब्रजला राहतो, त्याने तीस वर्षं एसटी चालवली. अर्ध्या तासात तो गाडी घेऊन दारात. कऱ्हाडहून पुण्याला जाताना तेव्हा खंबाटकीचा बोगदा लागायचा, येताना घाट. बोगद्याच्या पिवळ्या उजेडात मी हिशेब करत होते की दिवाळीपर्यंत टाके निघतील, मग पोटभर पाणी प्यायचं, माठातलं. सेनेकाने सांगून ठेवलेलं मला पाठ होतं: समुद्रावर जायचं ठरवताना मनात म्हण, 'जाईन, मध्ये काही आडवं आलं नाही तर'. म्हणत होते. पण पाण्याचा तो माठ काही डोळ्यांपुढून जात नव्हता.

तीन वाजता रक्त घेतलं. आम्ही तिघं एकाच बाकावर. एक माझ्याहून थोरले गृहस्थ, एक सव्वीस वर्षांचा मुलगा आणि मी. कुणी कुणाशी बोललं नाही. प्रत्येकाला वाटत होतं की बोललो तर दुसऱ्याचं वाईट चिंतल्यासारखं होईल. त्याच इमारतीत कुठेतरी वरच्या मजल्यावर एका घराने आपलं माणूस गमावलं होतं आणि त्या अवस्थेत सहीसाठी हात पुढे केला होता. सकाळी दहाला कळलं, त्या मुलाशी जुळलं. मला बरं वाटलं, खरंच वाटलं. त्याच्या आईच्या डोक्यावरून मी हात फिरवला. मग खाली येऊन गाडीत बसले आणि खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत रडले. दादाने गाडी कुठे थांबवली नाही, नुसता रेडिओ बंद केला.

स्टोइक वाचणारी बाई रडते का? रडते. सेनेका ल्युसिलियसला मित्राच्या मृत्यूवर धीराचं पत्र लिहितो, डोळे कोरडे राहू नयेत आणि वाहूनही जाऊ नयेत असं सांगतो. आणि त्याच पत्रात कबूल करतो की माझा सेरेनस गेला तेव्हा मी इतका रडलो की दुःखाने हरलेल्या माणसांच्या यादीत माझं नाव घालावं लागेल. हे लपवून ठेवणारा कुणी नाही, स्वतः लिहून मित्राला धाडणारा आहे. कोरडं म्हणणाऱ्या दोन्ही पत्रलेखकांनी सेनेकाचं हे त्रेसष्टावं पत्र वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता दादाबद्दल. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, माझं लग्न त्याने लावून दिलं. डायलिसिस सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यात तो सेंटरवर आला, नळ्यांमधून फिरणारं माझं रक्त पाहिलं आणि उलट्या पावली बाहेर गेला. पुन्हा आत आला नाही. रोज संध्याकाळी फोन मात्र करायचा, "तायडे, जेवलीस का?" आणि रडायला लागायचा. कधी ये म्हटलं की एकच उत्तर, "मला बघवत नाही गं, माझा जीव तुझ्यात आहे म्हणून बघवत नाही." रात्री घाटातून भरलेली एसटी काढणारा माणूस. पुण्याच्या त्या रात्रीही तो इमारतीच्या आत आला नाही, गाडीतच बसून राहिला. मी वरवर समजून घ्यायचे. आतून चार वर्षं जळत होते. शेजारच्या बेडवरच्या मावशींचा भाऊ रोज येतो, पायाला तेल लावतो, आणि माझा म्हणतो बघवत नाही.

एपिक्टेटसच्या संवादांत एक प्रसंग आहे. एक सरकारी अधिकारी त्याच्याकडे आला. बोलता बोलता म्हणाला, माझी लहान मुलगी मध्यंतरी फार आजारी होती, मला तिच्याजवळ बसवेना, मी घरातून निघून गेलो आणि ती बरी झाल्याचा निरोप आल्यावरच परतलो. एपिक्टेटसने विचारलं, हे बरोबर केलंस असं वाटतं का? तो म्हणाला, बापाचं काळीज आहे, कुठल्याही बापाचं असंच होईल. मग एपिक्टेटस एकेक प्रश्न विचारत जातो. मुलीच्या आईचं तिच्यावर प्रेम आहे ना? मग तिनेही निघून जायला हवं होतं का? दाईचं आहे ना? तिनेही जायचं? मुलीला शिकवायला न्यायच्या माणसाचं? म्हणजे ज्यांचा तिच्यात जीव आहे त्या सगळ्यांनी प्रेमापोटी पळायचं आणि पोरीने परक्यांच्या हातात मरायचं? तू स्वतः आजारी पडलास तर आपल्या माणसांनी तुझ्यावर असं प्रेम करावं, तुला एकटं टाकावं, असं म्हणशील का? त्यापेक्षा असलं प्रेम शत्रूंनीच करावं असं मागशील, म्हणजे ते तरी लांब राहतील.

हे वाचताना माझ्या हातातला मोबाइल थरथरला. चार वर्षं मला जे बोलता येत नव्हतं ते कुणीतरी बोलून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा दादाला वाचून दाखवायचं ठरवलं. पण वही उघडताना दुसरंच पान उघडलं. पुस्तिकेतली त्रेचाळिसावी टीप. प्रत्येक गोष्टीला दोन कड्या असतात, एकीने ती उचलता येते, दुसरीने नाही. तुझा भाऊ तुझ्याशी चुकीचा वागला तर 'तो चुकीचा वागला' या कडीने धरू नकोस, तिने ओझं उचललं जात नाही. 'तो माझा भाऊ आहे, आम्ही एकत्र वाढलो' या कडीने धर. एपिक्टेटसने उदाहरण भावाचंच दिलं आहे, मी घातलेलं नाही. गिरणीवालीला हे फोडून सांगावं लागत नाही. एका बाजूची कडी निखळलेला डबा घेऊन रोज कुणी ना कुणी येतं, तो उचलताना कुठे धरायचा हे हातालाच कळतं.

म्हणून दादाला आधी मी आजारी मुलीची गोष्ट वाचून दाखवली नाही. त्याला म्हटलं, "दादा, मला तुझी गरज आहे. रक्ताकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. तेही नको असेल तर भिंतीकडे बघ, पण बस." पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. त्या शनिवारी तो आला. चपलांच्या रॅकजवळ स्टुलावर बसला, दाराकडे तोंड करून, पाऊण तास. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याला आला. आजारी मुलीची गोष्ट मी त्याला नंतर, तो यायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी सांगितली. ऐकून तो म्हणाला, "बरं झालं आधी नाही सांगितलंस, मी पुन्हा तोंड दाखवलं नसतं."

हे लिहिताना मला लेखाच्या सुराबद्दल जे खटकलं ते नीट कळतंय. 'काही गोष्टी आपल्या हातात आहेत, काही नाहीत' हे वाक्य माणसाने स्वतःला सांगायचं आहे. दुसऱ्याला सांगितलं की ते क्रूर होतं. आमच्याकडे ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका वाडीवरून एकोणीस वर्षांचा मुलगा यायचा, आईबरोबर, संध्याकाळच्या पाळीला. पाळी संपेपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असायची. मायलेक रात्र स्टँडवर काढायचे आणि सकाळच्या गाडीने घरी जायचे. त्यामुळे तीनऐवजी दोनच पाळ्यांना यायचा आणि सुजायचा. मशीनचा खर्च सरकारी योजनेतून होत होता, गाडीची वेळ कुठल्या योजनेत बसत नव्हती. भेटायला येणारी चांगली शिकलेली माणसं त्याला सांगायची, मन खंबीर ठेव, सगळं मनावर असतं. तो मान डोलवायचा. त्याच्या हातात जे नव्हतं ते आमच्या हातात होतं. मी माझी दुपारची पाळी त्याला दिली आणि पहाटेची घेतली. एवढंच लागत होतं. मार्कस ऑरेलियसच्या टिपणांत पानोपानी हे येतं की माणसं एकमेकांसाठी जन्मलेली आहेत. पहाटे अंथरुणातून उठवत नसे तेव्हा तो स्वतःला म्हणायचा, माणसाचं काम करायला उठतो आहे. सीमेवर लढाई, राज्यात साथीचा रोग, छावणीत बसून स्वतःपुरती लिहिलेली ती टिपणं. मलाही आता पहाटे साडेचारला उठावं लागतं आणि मी तेच म्हणत उठते.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. एपिक्टेटस म्हणतो, आपल्या लेकराचा मुका घेताना मनात म्हण की आपण एका मर्त्य जिवाचा मुका घेतो आहोत, म्हणजे ते गेलं तरी कोसळणार नाहीस. मी एकदा करून पाहिलं. नात मांडीवर होती, दोन वर्षांची, तोंडाला गुळाचं बोट लागलेलं. तो विचार मनात आणला आणि मला तिला खाली ठेवावं लागलं. पुन्हा नाही केलं. मार्कसने हे वाक्य आपल्या टिपणांत उतरवून घेतलं आहे. त्याला निदान तेरा मुलं झाली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त त्याच्या डोळ्यांदेखत गेली. अशा बापाला हे वाक्य कशासाठी लागलं असेल ते मला समजू शकतं, त्याच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पण माझ्या वहीत त्या पानावर मी काट मारली आहे.

आपल्या पुरवणीत जागा असेल तर एपिक्टेटसचा तो आजारी मुलीचा संवाद कुणा जाणकाराकडून मराठीत करून घ्या आणि पूर्ण छापा. माझं भाषांतर कामचलाऊ आहे. तो छापला तर मी आमच्या सेंटरच्या भिंतीवर लावीन, बाहेरच्या बाजूला, जिथे नातेवाईक थांबतात तिथे.

गेल्या शनिवारी दादा पावणेसहालाच आला होता, कानटोपी घालून, थर्मास घेऊन. थर्मासमधला चहा स्वतःसाठी, माझ्यासाठी अर्धा कप मोजून. आता तो स्टूल बेडजवळ घेतो. अजून नळ्यांकडे बघत नाही, काचेच्या दाराकडेच तोंड असतं. टेक्निशियन वजनाचा कागद घेऊन आला तेव्हा मी काही बोलायच्या आत, दाराकडे बघतच, दादाने त्याला विचारलं, "आज किती काढायचं हिचं?"

आपली नम्र,
एक वाचक, कऱ्हाड
(कृपया नाव छापू नये.)